गणपतीनंतर देतो, शिमग्यानंतर देतो करत ठेकेदाराने माझी दोन वर्षं घालवली

कोणी साईटवर पडलं की ठेकेदार पहिलं वाक्य बोलतो, "घाबरू नको, मी आहे ना." मला पण हेच बोलला होता, आणि मला ते खरं वाटलं कारण तो आमच्या शेजारच्याच वाडीतला, गाववाला.

जून 2022, रत्नागिरीजवळ एका बिल्डिंगचं काम, मी सेंट्रिंगला. पाऊस नुकताच लागलेला, परांचीच्या फळ्या ओल्या, खाली जाळी नाही, कंबरेला पट्टा नाही. फळी सरकली आणि दुसऱ्या स्लॅबवरून मी सरळ पायावर आलो, उजव्या टाचेचा चुरा झाला. ठेकेदाराने स्वतःच्या गाडीत घालून खाजगी दवाखान्यात नेलं आणि वाटेत सांगत होता की साईटवर पडलो बोलू नको, पोलीस केस होईल, ऑपरेशन अडकेल, घरी जिन्यावरून पडलो सांग. मला पाय सोडून काही सुचत नव्हतं, मी हो म्हटलं. केस पेपरवर आज पण तेच आहे, घरी जिन्यावरून पडला. आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, बैठं. जिनाच नाही घराला.

आठव्या दिवशी घरी आला, आयेच्या हातात 25 हजार ठेवले आणि माझ्यासमोर स्टॅम्प पेपर, सगळा इंग्रजीत. म्हणाला ही फक्त पैसे मिळाल्याची पोच आहे, बाकीचे बिल्डरकडून काढून देतो. मी सही केली. भाच्याने नंतर वाचून दाखवला, त्यात मी दारू पिऊन कामावर आलो, स्वतःच्या चुकीने पडलो, पूर्ण भरपाई मिळाली, पुढे काही मागणार नाही असं लिहिलेलं. माझ्या गळ्यात अठरा वर्षं तुळशीची माळ आहे. पायापेक्षा ते जास्त लागलं मला.

मग सुरू झालं, गणपतीनंतर देतो, बिल्डरचं बिल अडकलंय, शिमग्यानंतर नक्की, परत गणपती, परत शिमगा, फोन केला की गोड बोलायचा, एकदा तर पायलीभर तांदूळ पण आणून दिले. ऑगस्ट 2024 ला मी काठी टेकत त्याच्या घरी गेलो तर म्हणाला, आता कुठे जायचं तिकडे जा, मुदत संपली तुझी. मुदत हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकला. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की अपघातापासून दोन वर्षांच्या आत भरपाईसाठी अर्ज करायचा असतो, आणि तेवढाच वेळ तो मला गोडीत ठेवत होता.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मला फुकट वकील मिळाल्या (फोन 15100). त्या मॅडमनी सांगितलं ते ऐकून मी किती वेळ गप्प बसलो होतो. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा असला करार चालतच नाही, रद्दच असतो तो. नुसतं हयगयीने पडला म्हणून भरपाई बुडत नाही. दारूचा मुद्दा काढला तर तो त्याने सिद्ध करायचा. ठेकेदाराने हात वर केले तरी बिल्डरला धरता येतं, बिल्डरने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं. दवाखान्याचा खर्च पण मालकावर. आणि महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज.

हिशोब त्यांनी कागदावर मांडून दाखवला. माझी रोजची हजेरी 700, पण त्या कायद्यात महिन्याचा पगार जास्तीत जास्त 15,000 धरायचे, त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, माझं वय तेव्हा 34, कायद्याच्या तक्त्यात त्या वयाचा आकडा 199.40. गुणाकार 17,94,600. डॉक्टरने कमाईची ताकद 30 टक्के गेली लिहिलंय, म्हणजे 5,38,380. आणि मी 25 हजारावर सही करून बसलेलो.

नोव्हेंबर 2025 पासून त्या 1923 च्या कायद्याच्या जागी नवीन सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, अपघाताची भरपाई त्यात पण आहे. त्यामुळे कोणी पडलं तर दवाखान्यात पहिल्यांदा खरं बोला, बांधकामावर पडला हे केस पेपरवर लिहून घ्या, डॉक्टर उपचार थांबवत नाहीत. तुटलेल्या फळीचा फोटो त्याच दिवशी काढा, दुसऱ्या दिवशी फळी बदललेली असते. माझी खर्ची, म्हणजे मजुरीतले हातखर्चाचे पैसे, ठेकेदाराकडून फोनवर जमा व्हायची, तेवढाच एक पुरावा आज माझ्या उपयोगी पडतोय. आणि वाचता येत नाही त्या कागदावर सही नको, गाववाला असला तरी नको.

सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, तो अर्ज केलाय, तारखा चालू आहेत. माझ्याबरोबर फळीवर असलेला जोडीदार साक्ष द्यायला तयार आहे, पण तो अजून त्याच ठेकेदाराकडे कामाला जातो, घरी दोन लहान पोरं आहेत त्याच्या, म्हणून मी त्याला अजून जोर केलेला नाही.