नाताळच्या फराळाचा बॉक्स, वसईतल्या आमच्या चर्चमधल्या बायकांनी केलेला

घरी तळायला वेळ नाही पण नाताळला बेकरीचा माल नको वाटतो अशा वसईकरांसाठी लिहितेय. आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे पॅरिशमधल्या, बायका गेली दोन वर्षं नाताळच्या फराळाचा बॉक्स करतात. २०२५ ला मी दोन घेतले, एक घरी आणि एक ऑफिसात.

आधी खाण्याचं सांगते. करंज्या एक नंबर, कातणाने कापलेल्या नाहीत, हाताने मुरड घातलेल्या, सारणात ताजं खोबरं नाही त्यामुळे नवीन वर्षापर्यंत टिकल्या. डेट रोल मऊ, प्लम केकमधला सुकामेवा ऑक्टोबरपासून भिजत ठेवलेला, ते पहिल्याच घासाला कळतं. कलकल, म्हणजे पिठाचे छोटे वळलेले तळून पाकात घोळवलेले तुकडे, काट्याच्या पाठीवर वळलेले, रेषा सुंदर उठल्यात, पण पाक जास्त झालाय, माझ्या आईला चावेनात. केकमध्ये अंडं आहे आणि बॉक्सवर तसं कुठे लिहिलेलं नाही, ऑफिसात शाकाहारी लोक असतात, मला स्वतःहून सांगावं लागलं. हे लिहायलाच हवं.

बॉक्स ४५० रुपये. महाग वाटेल, पण तुमच्या प्रत्येक बॉक्समागे एक बॉक्स अशा घरी जातो जिथे त्या वर्षी नाताळ करायची ऐपत नाही. मग घर कुठल्या धर्माचं का असेना.

सुरुवात कशी झाली तर २०२४ ला आगमन काळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळातल्या, तिसऱ्या रविवारी बायबलमधल्या लूकच्या तिसऱ्या अध्यायाचं वाचन होतं, लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात आम्ही काय करावं, तो म्हणतो ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने नाही त्याला एक द्यावा. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, संपल्यावर चारपाच जणी हॉलमध्ये बसल्या आणि हे ठरलं, मग नाताळाला दहा दिवस राहिले असताना जमेल तेवढे बॉक्स केले. २०२५ ला नीट प्लॅनिंग होतं. गरिबांच्या जागतिक दिवसाला, तो पोप फ्रान्सिस यांनी २०१६ ला जाहीर केला आणि नोव्हेंबरच्या मध्यावर येतो, त्या रविवारी बुकिंग उघडलं, ३० नोव्हेंबरला आगमन काळाची पहिली मेणबत्ती पेटली त्या दिवशी बंद. २१ डिसेंबरला मिस्सानंतर बॉक्स हातात.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं ते सांगते. आपण घेतो तो आणि गरजू घरी जातो तो, दोन्ही बॉक्स अगदी सारखे. तोच पांढरा पुठ्ठा, तीच लाल दोरी, तोच केक, तेवढंच वजन. देणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मी लहान असताना पप्पांची कंपनी बंद पडली होती, त्या डिसेंबरात आमच्याकडे एक पाकीट आलं, त्यावर देणाऱ्यांचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली 'गरजूंसाठी'. मम्मीने आतली बिस्किटं डब्यात काढली आणि पाकीट चुलीत घातलं, आम्हाला काही बोलली नाही. म्हणून मी हा बॉक्स उलटासुलटा करून बघितला. टेबलावरच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, पोरं शाळेत एकमेकांना दाखवतात ना, वेगळं कशाला दिसायला हवं."

पोचवायचं काम एसव्हीपीचे लोक करतात, म्हणजे विन्सेंट डी पॉल सोसायटी, गरजूंना मदत करणारी कॅथलिक संस्था. फ्रेडरिक ओझानाम २० वर्षांचा विद्यार्थी होता तेव्हा त्याने १८३३ ला पॅरिसमध्ये मित्रांबरोबर ती काढली, आणि घरी जाऊन भेटायचं, जोडीने जायचं, ही त्यांची पद्धत अजून आहे. २४ डिसेंबरला संध्याकाळी मीपण एका काकांबरोबर गेले. एका चाळीत आजी आणि नातू, आजीने बॉक्स आधी गव्हाणीसमोर ठेवला, गव्हाणी म्हणजे बुटाच्या खोक्यात गवत आणि मातीचं बाळ, आणि म्हणाली रात्रीच्या मिस्साहून आल्यावर उघडू. काका अर्धा तास बसले, आजीच्या गुडघ्याची गोळी कुठली, संपली की काय, सगळं विचारून वहीत लिहून घेतलं. बॉक्सपेक्षा हे मोठं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

सर्व्हिसमध्ये सुधारायला जागा आहे. जीपेचा एकच नंबर, नऊच्या मिस्सानंतर एवढी लाईन की म्हातारी माणसं पाऊण तास उभी होती, दोन खुर्च्या टाकल्या असत्या तरी चाललं असतं. फोनवर बुकिंग नाही, चर्चमध्येच यावं लागतं.

पाचपैकी साडेचार. येत्या नाताळला चार बुक करणार आहे, आणि तळायला माणसं कमी पडतात असं कळलं, म्हणून डिसेंबरातली एक शनिवार दुपार त्यांना आत्ताच देऊन ठेवलीय. कलकलचा पाक मात्र कमी करा बायांनो.