रेड क्रॉसचा ऑनलाइन नियमसंग्रह: वर्गात वापरून पाहिल्यावर

वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, युद्धात पाण्याची टाकी उडवली तर तो गुन्हा होतो का?" मी हो म्हटलं. "कुठं लिहिलंय?" म्हणाली, तेव्हा मात्र अडखळले. घरी येऊन रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचा रूढ मानवतावादी कायद्याचा, म्हणजे देशांच्या सततच्या वागण्यातून बंधनकारक ठरलेल्या युद्धनियमांचा, संग्रह उघडला. वाचायला पैसे पडत नाहीत.

नियम १६१. बहुतेक एक-दोन वाक्यांचे. टाकीचं उत्तर ५४व्या नियमात सापडलं: नागरिकांना जगायला ज्यांच्यावाचून चालत नाही अशा गोष्टींवर हल्ला करायचा नाही, त्या हलवायच्या नाहीत, निकामी करायच्या नाहीत. त्याखाली स्पष्टीकरण. पण खरा खजिना वेगळ्या पानावर आहे: हा नियम कोणकोणत्या देशांच्या लष्करी पुस्तिकांत, कायद्यांत, निकालांत आला त्याच्या नोंदी.

याची किंमत शिकवताना कळते. जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलात पिण्याच्या पाण्याच्या सोयींना नाव घेऊन संरक्षण दिलंय, पण भारत आणि अमेरिका त्याचे पक्षकार नाहीत. करार लागू नाही म्हणून हात झटकता येतात. रूढ कायदा मात्र करारात नसलेल्यांनाही बांधतो. म्हणून या नोंदी इतक्या मोलाच्या.

मूळ अभ्यास २००५चा. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं आक्षेप घेतला की यात प्रत्यक्ष लढाईतल्या वागण्यापेक्षा लेखी पुस्तिकांवर जास्त भर आहे. मला त्यात तथ्य वाटतं. पुस्तिकेत छापलेलं आणि रणांगणावर घडलेलं यांतलं अंतर मुलांनी नोंदी वाचताना स्वतः शोधावं, असा माझा आग्रह असतो.

मराठीत हे काहीच नाही. नियम मीच उतरवून फळ्यावर लिहिते. ५३वा, नागरिकांची उपासमार हे युद्धतंत्र म्हणून वापरायला मनाई करणारा, एका ओळीत मावतो.

सुरुवात मात्र ११७पासून करा. संघर्षात बेपत्ता झालेल्यांचा ठावठिकाणा लावण्यासाठी शक्य ते सगळं करायचं, आणि त्यांच्याबद्दल हाती असेल ती माहिती घरच्यांना द्यायची. हा वाचून दाखवला त्या दिवशी त्याच मुलीनं विचारलं, "आणि नाहीच दिली तर?" त्यासाठी १४९पासून पुढचे, जबाबदारी, भरपाई आणि युद्धगुन्ह्यांचे नियम सलग वाचावे लागतात. ते आम्ही पुढच्या आठवड्यात घेतोय.