गोळ्यांची ऑर्डर आणि माझे १,०६८ डॉलर

फेब्रुवारी २०२१ मध्ये ह्यूस्टनजवळच्या माझ्या घरी बसून मी पिस्तुलाच्या दोन हजार गोळ्या मागवल्या. आजतागायत त्यातली एकही आलेली नाही. गेले ते १,०६८ डॉलर. इतकी वर्षं लिहिलं नाही, कारण एक तर लाज वाटत होती. शिवाय बंदुकीचा विषय काढला की आपल्यातली अर्धी मंडळी ऐकायच्या आधीच मान फिरवतात. ‘गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त’ असल्या बातम्या वाचत आपण वाढलो. घरात पिस्तूल ठेवणारा माणूस एक तर पुढारी, नाहीतर गुंड. पण गेल्या महिन्यात ऑफिसातला एक मराठी मुलगा त्याच खड्ड्याच्या काठावर उभा दिसला, म्हणून आता लिहितोच.

बंदूक मला नवीन नव्हती. सिंधुदुर्गात बाबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची होती, रानडुकरं आणि माकडांसाठी. काडतुसं किती घ्यायची ते परवान्यात ठरलेलं, घेतली की त्यात नोंद, आणि निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. मग डुकरं भात तुडवोत नाहीतर नाचोत. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना तो, सरकारने दिला तर आहे, नाही तर नाही.

इथे ग्रीन कार्ड झाल्यावर मी दुकानात गेलो, फॉर्म भरला, एफबीआयकडून पार्श्वभूमी तपासणी झाली आणि तासाभरात नाइन एमएमचं पिस्तूल घेऊन बाहेर पडलो. गोळ्यांना तर टेक्सासात तेवढंही नाही. ड्रायव्हिंग लायसन्सवर वय बघतात, पिस्तुलाच्या गोळ्यांसाठी २१ पूर्ण, की झालं. “ही मेहरबानी नाही, हा तुझा हक्क आहे,” काउंटरवरचा म्हातारा मला म्हणाला. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती. ठाण्यात बंदूक जमा करायला बाबांबरोबर गेलेल्या मुलाला हे ऐकून जरा चढलीच. पुढे ज्याने मला लुटलं, त्याने याच नशेवर लुटलं.

२०२० च्या मार्चपासून गोळ्या गायब झाल्या. महामारी, मग उन्हाळ्यातली निदर्शनं, मग निवडणूक. त्या वर्षी एफबीआयकडे बंदुकांशी संबंधित तपासण्या झाल्या सुमारे ३ कोटी ९७ लाख, आदल्या वर्षी होत्या २ कोटी ८४ लाख. तपासणी म्हणजे विक्री नव्हे, पण अंदाज येतो. लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली, आणि प्रत्येकाला तिच्याबरोबर निदान दोन डबे गोळ्या हव्यात. कारखाना एका रात्रीत वाढत नाही. गोळीच्या बुडाशी जो चिमूटभर स्फोटक भरलेला प्राइमर असतो, तो मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्या रेमिंग्टनने त्याच जुलैत दिवाळखोरी जाहीर केलेली. माझ्या दुकानात ५० गोळ्यांचा डबा १० डॉलरला मिळायचा, तो ४० च्या घरात गेला, तोही माणशी एक. शनिवारी पहाटे सहापासून रांग. लहानपणी रॉकेलचा कॅन घेऊन रांगेत उभा राहायचो त्याची आठवण व्हायची, फक्त इथे पुढचे-मागचे पिकअप ट्रकमधून उतरलेले.

त्यात जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकन संसदेत एच. आर. १२७ नावाचं विधेयक आलं. प्रत्येक बंदुकीची नोंदणी, मालकाला परवाना, विमा, काही गोळ्यांवर बंदी. ते पुढे सरकलंच नाही, पण आमच्या नेमबाजीच्या रेंजवरच्या गप्पांत ते जणू उद्यापासून लागूच होणार होतं. आणि भीती अगदीच पोकळ नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात घरात बंदूक बाळगण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला खरा, पण गोळ्यांशिवाय बंदूक म्हणजे लोखंडाची काठी. “बंदुकीला हात नाही लावणार, गोळ्यांची नाडी आवळतील,” हे वाक्य मी त्या काळात शंभरदा ऐकलं असेल. दाखल्याला कॅलिफोर्निया होताच. तिथे २०१८ पासून गोळ्या थेट घरी मागवता येत नाहीत, परवानाधारक दुकानातूनच घ्याव्या लागतात, आणि जुलै २०१९ पासून प्रत्येक खरेदीला तपासणी. तिथल्या एका मित्राशी मी यावर तासभर वाद घातला होता. त्याचं म्हणणं, तपासणीला दोन मिनिटं लागतात, काय बिघडलं? मला आजही वाटतं की काहीतरी बिघडतं. पण तो वेगळा विषय.

९ फेब्रुवारीला रेंजवरच्या एका ओळखीच्याने लिंक पाठवली. नाइन एमएम, हजार गोळ्यांचं खोकं ३८९ डॉलर. इथे नीट लक्ष द्या, कारण मी स्वतःला हुशार समजत होतो. १५० लिहिलं असतं तर मी हसून फोन खाली ठेवला असता. बाजारात तेव्हा हजाराला सात-आठशे चालू होते आणि महामारीआधी पावणेदोनशे-दोनशे. ३८९ हा आकडा जुन्या भावाने महाग आणि नव्या भावाने स्वस्त. म्हणजे कोणीतरी ‘नफेखोरी न करणारा सज्जन दुकानदार’ असावा असं वाटायला लावणारा. साइटवर दुकानाचा पत्ता, फोटो, केंद्रीय परवान्याची प्रत. एका पिकअपच्या मागच्या फळीवर खोकी रचलेला फोटो होता. गाडीचा मागचा एक लाल दिवा फुटलेला. मला तो फोटोच सगळ्यात खरा वाटला. खोटं दाखवणारा माणूस फुटका दिवा कशाला दाखवेल?

पैसे देताना क्रेडिट कार्ड चालेना. खाली मजकूर होता: मोठ्या बँका आणि कार्ड कंपन्या तुमच्या घटनादत्त हक्काच्या विरोधात आहेत, त्यांनी आमची सेवा तोडली, म्हणून फक्त झेलने (एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायची इथली सेवा) पैसे पाठवा. यात तथ्याचा कण होता, तोच घातक ठरला. २०१८ मध्ये दोन मोठ्या बँकांनी बंदूकव्यवसायाशी असलेल्या व्यवहारांवर खरंच मर्यादा जाहीर केल्या होत्या, ते मी वाचलं होतं. म्हणजे कार्ड चालत नाही हे धोक्याचं लक्षण वाटण्याऐवजी मला ते त्या दुकानदाराच्या निष्ठेचं प्रमाणपत्र वाटलं.

बायको शेजारी बसली होती. “अरे, हे नाव तर कुठल्यातरी बाईचं आहे. दुकानाचं खातं नाही का त्यांचं?”

“अगं, छोटा धंदा आहे. मालकिणीचं असेल.”

दोन खोकी, ७७८ डॉलर. झेलने. क्रिकेटच्या भाषेत सोपा झेल, आणि बाद मी.

चार दिवसांनी टेक्सासात ते भयंकर हिमवादळ आलं. आमच्याकडे तीन दिवस वीज नाही, नळ फुटलेला, गाद्या दिवाणखान्यात आणून चौघं एका पांघरुणात. पार्सल कुठे अडकलंय हा प्रश्न कोणाच्या मनात येणार? त्या आठवड्यात सगळ्यांचंच सगळं अडकलं होतं. फसवणाऱ्याला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. वीज आली, ईमेल उघडली, तर निरोप तयार: वादळामुळे माल ओक्लाहोमात थांबलाय, धोकादायक माल असल्याने विमा भरावा लागेल, २९० डॉलर, माल पोचताच परत मिळतील. सोबत कुरिअरच्या साइटची लिंक. तिथे नकाशावर माझं पार्सल ठिपक्यासारखं लुकलुकत होतं.

भरले. विचारू नका का. ७७८ गेले असं मनाला कबूल करण्यापेक्षा २९० आणखी देणं सोपं होतं.

दोन दिवसांनी नवीन ट्रॅकिंग नंबर आला, आता म्हणे माल सरकारी टपालाने येतोय. मी तो घेऊन आनंदाने दुकानातल्या त्या म्हाताऱ्याला दाखवला, जरा शेखी मिरवायलाच. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “बाळा, टपालखातं गोळ्या नेतच नाही. मनाई आहे.” एवढंच. मला पोटात गार पडल्यासारखं झालं. गोळ्या खासगी कुरिअरने, जमिनीवरून, खोक्यावर काळी-पांढरी चौकटीची खूण लावून येतात. मी ती खोकी आधी दोनदा घरी घेतली होती, तरी सुचलं नाही.

मग म्हाताऱ्यानेच दुकान रिकामं असताना एकेक गोष्ट उलगडून दाखवली. परवान्याची प्रत साइटवर लावलीय ना? नुसत्या गोळ्या विकायला केंद्रीय परवाना लागतच नाही, तो बनवणाऱ्याला आणि आयात करणाऱ्याला लागतो. ती प्रत दुसऱ्याच कुणाची उचललेली. ‘पन्नासही राज्यांत घरपोच’ लिहिलंय? कॅलिफोर्नियात ते बेकायदा आहे, इलिनॉयमध्ये खरेदीदाराचं ओळखपत्र लागतं. खरा व्यापारी असं कधीच लिहिणार नाही, तो उलट राज्यांची यादी देऊन हात वर करतो. घरी येऊन मी डोमेनची नोंद पाहिली, जे मी ऑफिसात आठवड्यातून एकदा करतो. साइट तीन आठवड्यांपूर्वी जन्मलेली. पत्त्यावरचं दुकान मात्र खरं निघालं, दुसऱ्या राज्यातलं. फोन केला तर मालक थकलेल्या आवाजात म्हणाला, आज तुम्ही चौथे.

बँकेने हात झटकले, “पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत.” क्रेडिट कार्ड असतं तर माल न मिळाल्याची हरकत घेता आली असती. ती वाट बंद राहावी म्हणूनच तर तो हक्काचा सगळा तमाशा होता. एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे, फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे तक्रारी केल्या, स्थानिक पोलिसांनी अहवालाचा क्रमांक दिला. पैसे परत आले नाहीत. तरी तक्रार करा, आणि पैसे पाठवलेल्या खात्याचं नाव, ईमेल, स्क्रीनशॉट सगळं त्याच दिवशी जपून ठेवा. माझ्या वेळी ती साइट दहाव्या दिवशी गायब झाली.

याहून घाण भाग पुढेच होता. मी पैसे परत मागितल्यावर बंदुका-गोळ्यांचा कायदा सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याचं बोधचिन्ह लावलेली ईमेल आली. धोकादायक मालाची ऑर्डर मध्येच सोडणं हा केंद्रीय गुन्हा आहे, ४५० डॉलर दंड भरा, नाहीतर अधिकारी घरी येतील. आता हसू येतं. तेव्हा आलं नाही. माझा नागरिकत्वाचा अर्ज पडून होता, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. तीच बंदूक, तोच हक्क, पण कागदावर कच्चा असलेला माणूस कुठे दाबला की कळवळतो हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. सरकार असा दंड ईमेलने मागत नाही, झेलने तर नाहीच. नंतर एक ‘वसुली सल्लागार’ही उगवला, १५० डॉलर घेऊन माझे सगळे पैसे सोडवून देणारा. तोही त्यांच्यातलाच असणार.

बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच, “माल बघल्याशिवाय पैशे दिलंस?”

त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने रशियन गोळ्यांच्या नव्या आयात परवान्यांवर बंदी जाहीर केली. महिन्याभरात दुसऱ्या नावाच्या एका साइटवर ‘शेवटचा रशियन साठा’ लागला. फोटो पिकअपचाच. बातमी बदलते तशी यांची पाटी बदलते. बाकीच्यांनी पैसे पाठवायच्या आधी साइटचं वय बघावं आणि पत्त्यावरच्या दुकानाचा नंबर स्वतः शोधून फोन लावावा, त्यांच्या साइटवरचा नव्हे.

आता ऑफिसातल्या मुलाबद्दल. गेल्या महिन्यात जेवताना त्याने फोन पुढे केला. आयातशुल्कामुळे भाव वाढायच्या आधी घ्या, फक्त झेल. मी साइटकडे न बघता आधी विचारलं, “तू व्हिसावर आहेस ना अजून?” एच-वन-बी. मग त्याला सांगितलं की बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक सोडच, एक गोळी बाळगायलाही केंद्रीय कायद्याने मनाई आहे, शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर. रेंजवर भाड्याने पिस्तूल हातात घेणंही त्यातच येतं. तो बराच वेळ गप्प बसला.

“पण दादा,” तो म्हणाला, “साइटवर तर लिहिलंय, कुठलंही कागदपत्र लागत नाही.”

मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि फोटो मोठा करून पाहिला. मागचा दिवा अजून बसवलेला नव्हता.