उन्हाळी सत्रासाठी बर्कली की यूसीएलए?

भाची दोन दिवस याच पेचात आहे. दोन्ही अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं (बर्कली सॅन फ्रान्सिस्कोजवळ, यूसीएलए लॉस एंजेलिसमध्ये), दोन्हीकडे सहा आठवड्यांचं सत्र. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा आणि ३५० डॉलरचं सेविस शुल्कही (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) सारखंच. मग फरक कुठे?

खरा फरक क्रेडिटमध्ये आहे, आणि नेमका तोच कोणी नीट समजावून सांगत नाही. बर्कली सेमिस्टर पद्धतीने चालतं (वर्षाचे दोन भाग), यूसीएलए क्वार्टरने (तीन छोटे भाग). यूसीएलएचे ४ युनिट, म्हणजे क्रेडिट, सेमिस्टरच्या हिशेबात जेमतेम २.६७ भरतात. तुमच्या घरच्या कॉलेजला पूर्ण ४ हवे असतील तर यूसीएलएत दुसरा विषय घ्यावा लागेल, म्हणजे फी वाढली. किती क्रेडिट धरणार ते कॉलेजकडून आधी लेखी घ्याच!

प्रवासात बर्कली सरस: सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरून बार्ट रेल्वेने विद्यापीठाच्या दाराशी उतरता येतं. लॉस एंजेलिसमध्ये अंतरं मोठी. घरभाडं दोन्हीकडे महागच.

हवा? बर्कलीत जुलैतही संध्याकाळी धुकं उतरतं, स्वेटर लागतो.

क्रेडिट घरी वळवून घ्यायचे असतील तर बर्कली. चित्रपट शिकायचा असेल तर यूसीएलए, हॉलिवूड त्याच शहरात आहे.