सहा फळ्यांचे घडीचे व्यासपीठ : वर्षभराच्या वापरानंतर

सोसायटीच्या सभागृहात श्रोते खुर्च्यांवर आणि कलाकार जमिनीवरच्या सतरंजीवर अशी मांडणी झाली, की तिसऱ्या रांगेच्या मागे बसलेल्यांना गायकाच्या कपाळापलीकडे काही दिसत नाही. मी तबल्याची साथ करतो आणि अशा घरगुती बैठकांना वरचेवर जातो. म्हणून गेल्या वर्षी पुण्यातल्या एका मिस्त्रींकडून, माझ्या छोट्या मोटारीत मावेल असे लाकडी व्यासपीठ करून घेतले.

प्रत्येकी 4 फूट बाय 2 फुटांच्या सहा फळ्या जोडल्या की 8 बाय 6 फुटांची बैठक तयार होते. मध्ये गायक, त्याच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी आणि मागे दोन तानपुरे एवढे तीवर नीट बसते. उंची 12 इंच ठेवली. मांडी घालून बसलेल्या गायकाचा चेहरा त्यामुळे खुर्चीतल्या श्रोत्याच्या नजरेच्या जवळपास येतो, आणि वयस्कर कलाकाराला पायरीशिवाय वर चढता येते. मिस्त्री 18 इंचांचा आग्रह धरत होते. तो मी मानला नाही, हे बरेच झाले.

वरचा प्लाय 12 मिलिमीटरचा आहे. 8 बाय 4 च्या एका तावातून 4 बाय 2 चे चार तुकडे निघतात. करवतीच्या पात्यात जाते तेवढीच तूट. ‘आयएस 710’ या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या, असे मिस्त्रींनी सुचवले, तेव्हा बंद सभागृहासाठी तो खर्च मला फुकट वाटला होता. पुढे गणेशोत्सवात एका मांडवाच्या गळक्या कोपऱ्यात दोन फळ्या रात्रभर भिजल्या आणि त्यांच्या कडा जराही फुगल्या नाहीत, तेव्हा मी माझे मत मागे घेतले. खाली पाइनची चौकट आहे, तिच्या आत पाय बिजागरीवर घडी होऊन बसतात, आणि उभे केल्यावर तिरप्या पट्टीने अडकतात. चौकट व पायांसकट एक फळी घरच्या वजनकाट्यावर साडेअकरा किलो भरली, म्हणजे जिन्यावरून एकट्याने नेण्याजोगी.

मजबुतीबद्दल तक्रारीला जागा नाही. काम ताब्यात देताना मिस्त्री स्वतः फळीच्या मधोमध उभे राहून म्हणाले होते, “दादा, यावर हत्ती नाचवा.” हत्तीचा प्रश्न नव्हताच, प्रश्न डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याचा निघाला. पहिल्याच बैठकीत डग्ग्यावर घिस्सा दिला (तळहात घासून घुमारा काढला) की खालून दुसरा एखादा डग्गा घुमल्यासारखा आवाज येई. धातूचा डग्गा चुंबळीवर ठेवलेला असला तरी त्याचे कंपन खाली उतरतेच, आणि खाली चौकटीत ताणून बसवलेला पातळ प्लाय व त्याखालची पोकळी, म्हणजे जवळजवळ एक वाद्यच झाले होते. त्यात माईकचे स्टँडही व्यासपीठावरच होते, त्यामुळे पेटीवाल्याने मांडी बदलली तरी त्याचा धप्प आवाज ध्वनिक्षेपकातून सभागृहभर पोहोचत होता.

दोष पूर्णपणे मिस्त्रींवर टाकता येणार नाही, कारण मोजमापाच्या कागदावर मी वजन, लांबी, रुंदी, उंची सगळे लिहिले होते आणि व्यासपीठ मुके हवे एवढेच लिहिले नव्हते. मात्र दोन फुटांच्या मोकळ्या गाळ्याखाली आडव्या पट्ट्या नसाव्यात, हे त्यांच्या अनुभवाला शोभणारे नव्हते. दुरुस्तीसाठी त्यांनी तीन आठवडे तंगवले, पण काम मात्र नीट केले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत: प्रत्येक फळीखाली एकेक फुटावर पट्ट्या गोंद आणि स्क्रूने बसवल्या, पायांना जाड रबराच्या टोप्या घातल्या आणि फळ्यांच्या लागून येणाऱ्या कडांवर नमद्याच्या पट्ट्या डकवल्या. मोकळे क्षेत्र लहान झाल्यामुळे फळीचा स्वतःचा स्वर वर चढला आणि तिने डग्ग्याच्या खर्जाला साथ देणे सोडले. आता बोटाच्या पेराने ठोकले तर कोरडी टकटक ऐकू येते. माईकचे स्टँड मी त्यानंतर व्यासपीठाबाहेर जमिनीवरच ठेवायला लावतो.

एक खोड अजून शिल्लक आहे. फळ्या एकमेकींना बोल्टने जोडण्याची भोके मिस्त्रींनी एकच साचा न वापरता जोडी-जोडीने पाडली, त्यामुळे फळ्या ठरावीक क्रमानेच लागतात. पोटाशी खडूने एक ते सहा आकडे घातले होते, ते पुसले जाऊ लागल्यावर मी रंगाने पक्के केले. क्रम चुकला तर तीन आणि चार यांच्यामध्ये दोन मिलिमीटरची पायरी राहते आणि नेमकी ती गायकाच्या घोट्याखाली येते. क्रम बरोबर असेल तर दोघांनी मिळून पंधरा मिनिटांत मांडणी होते.

मजुरी धरून एकूण 22,500 रुपये गेले. उरलेल्या दोन तुकड्यांतून मिस्त्रींनी न सांगता चुंबळी, हातोडी आणि पावडरीच्या डब्यासाठी एक झाकणाची पेटी करून दिली. तिचे झाकण मात्र कोणत्याही बाजूने लावले तरी बसते.