इंटर्न मुलांचं संगणक मदत केंद्र: जुना लॅपटॉप असेल तर जरूर जा

इथली मुलं आधी डेटाचा बॅकअप घेतात, मगच लॅपटॉप उघडतात. प्रशिक्षण नीट झाल्याची हीच खूण. हार्ड डिस्क काढून अडीच इंची एसएसडी (डेटा साठवणारा जास्त वेगवान ड्राइव्ह) बसवली, रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) ४ ची ८ जीबी केली, की मरगळलेलं मशीन पुन्हा पळतं. (रॅम मदरबोर्डलाच, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डला, सोल्डरने कायमची जोडलेली असेल तर वाढत नाही, तेही आधीच स्पष्ट सांगतात.) प्रत्येक वेबसाइट 'असुरक्षित' दिसते? ती मुलं सर्वात आधी तारीख बघतात. मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि वेबसाइटची ओळख पटवणारी, ठरावीक मुदतीची सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरतात. सेल बदलून तारीख-वेळ नीट लावली की काम झालं! ज्येष्ठांना ओटीपीबद्दल न कंटाळता समजावतात, हे विशेष. काय बदललं याची लेखी नोंद मात्र मागून घ्यावी लागते. चार्जर सोबत न्या.