नव्या संसारातला बिडाचा तवा

लग्नानंतर भाड्याच्या घरात संसार मांडताना आम्ही दोघांनी आवर्जून घेतलेली पहिली वस्तू म्हणजे पुण्याच्या तुळशीबागेतून आणलेला 10 इंची बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा. दोघांनाही स्वयंपाकाची मनापासून आवड असल्यामुळे सुटीच्या दिवशी नाश्ता मिळून करणे हा आमचा छंद आहे आणि त्या छंदाला या तव्याइतकी साथ दुसऱ्या कोणत्याही भांड्याने दिलेली नाही.

हा तवा आणल्याबरोबर वापरता येत नाही. तो घासून, रात्रभर भाताच्या पेजेत बुडवून ठेवावा, नंतर मंद आचेवर पूर्ण कोरडा करून तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा, धूर येईपर्यंत तापवावा आणि ही क्रिया काही वेळा करावी. उष्णतेने तेल घट्ट होऊन त्याचा काळा, गुळगुळीत थर धरतो व पदार्थ चिकटेनासे होतात. तेल जास्त झाले, तर मात्र थर चिकटच राहतो.

तव्याची खरी परीक्षा घावनाने होते. तांदळाचे पीठ तळाशी बसते, म्हणून दर वेळी ढवळून, अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा आणि ताकासारखे पातळ पीठ कडेकडून आत ओतायचे. तवा नीट तापलेला असला, तर चर्र आवाज होऊन लगेच जाळी पडते आणि कडा आपोआप सुटतात. घावन घालण्यात माझ्या नवऱ्याचा हात बसला आहे आणि तोवर मी नारळाचा रस काढते. बीड सावकाश तापते, पण उष्णता धरून ठेवते. त्यामुळे थालीपीठही आतपर्यंत शिजून वरून खरपूस होते. आंबोळीचा तर प्रश्नच नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. तवा जड आहे, एका हाताने उचलवत नाही. बीड ठिसूळ असल्याने हातातून पडला, तर तडकू शकतो. ओला राहिला की गंजतो. टोमॅटो, चिंच, कोकम यांच्या आंबटपणाने नवा थर निघतो, म्हणून टोमॅटो ऑम्लेट आम्ही यावर करत नाही. रोजच्या पोळ्यांना हलका लोखंडी तवाच बरा, कारण त्याची आच पटकन कमी-जास्त करता येते.

तरीही नॉनस्टिकपेक्षा मी याचीच शिफारस करेन. नॉनस्टिकचा लेप साधारण 260 अंश सेल्सिअसच्या वर खराब होऊ लागतो आणि एकदा निघाला की घरी पुन्हा चढवता येत नाही. बिडाचा थर गेला, तर तो घरच्या घरी पुन्हा धरता येतो. शिवाय बीड इंडक्शनवरही चालते, मात्र काचेवर तवा सरकवू नये, उचलून ठेवावा.

घेताना दोन्ही बाजूंना कान असलेला, तळ सपाट असलेला तवा पाहावा आणि बोटाने वाजवून घ्यावा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर तडा असण्याची शक्यता असते, तेव्हा दुसरा मागावा.